जंत मुलीचे, शिक्षा मोतीला!

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचे पेशंट संपत आले होते. एक बाई सात वर्षांच्या मुलीचा हात धरून आत आल्या. दरवाज्यात मुलीचा बारा वर्षांचा भाऊ उभा होता. त्याचे डोळे रडून लाल झालेले. तो काही केल्या आत येईना.

बाई खुर्चीत बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टर, हिला रात्री शीच्या जागी फार खाज सुटते. धड झोपत नाही, मलाही झोपू देत नाही. परवा शीमध्ये पांढरे, दोऱ्याच्या तुकड्यांसारखे किडे दिसले. वळवळत होते. सासूबाई म्हणतात, हे सगळं त्या कुत्र्यामुळं. तुम्ही एका कागदावर एवढं लिहून द्या, की घरात कुत्रं ठेवायचं नाही. तुम्ही लिहिलंत म्हणजे हा ऐकेल."

'हा' म्हणजे दरवाज्यातला मुलगा. दोन महिन्यांपूर्वी पुलाखाली सापडलेले एक पिल्लू त्याने घरी आणले होते. नाव मोती. बाईंना मोतीचा राग नव्हता. पण मुलीचे हाल बघवत नव्हते आणि घरात रोज बोलणी बसत होती.

मी प्रिस्क्रिप्शनचा कागद पुढे ओढला, पेन उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. कारण अशी एक चिठ्ठी मी पूर्वी लिहिली होती.

१९९८ सालची चिठ्ठी

दवाखाना उघडून मला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आठ वर्षांचा एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला. मी एकच प्रश्न विचारला, "घरात कुत्रा आहे का?" "आहे." "मग तेच कारण. आधी त्याला बाहेर काढा." मुलाला जंताची एक गोळी दिली आणि वडिलांच्या आग्रहावरून तसे कागदावर लिहूनही दिले. वडिलांनी कुत्र्याला टेम्पोत घातले आणि लांबच्या एका गावाच्या वेशीवर सोडून आले.

तीन आठवड्यांनी मुलाची आजी त्याला घेऊन आली. पदराने घाम पुसत म्हणाली, "डाक्टर, कुत्रं गेलं. पोरगं दोन दिस जेवलं न्हाई. आन् किडं तर हाईतच. मग ते किडं आलं कुठनं?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री घरी जाऊन कॉलेजचे जुने पुस्तक उघडले. त्यात स्वच्छ लिहिले होते, की हा जंत फक्त माणसाच्या आतड्यात राहतो, कुत्र्या-मांजरात नाही. परीक्षेत हेच वाक्य लिहून मी पास झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरातल्या सगळ्यांना बोलावले. घरात सात माणसे. मुलगा आजीजवळ झोपायचा आणि त्याच गोधडीत आणखी दोन भावंडे. धाकट्या बहिणीलाही खाज होती, पण लाजेने तिने कोणाला सांगितले नव्हते. सातही जणांना एकाच दिवशी औषध दिले, दोन आठवड्यांनी पुन्हा दिले. खाज थांबली ती थांबलीच. कुत्रा मात्र सापडला नाही. मुलाचे वडील दोनदा त्या गावाला जाऊन शोधून आले.

म्हणून आजचा हा लेख. वाचकहो, घरात कुत्रा किंवा मांजर असेल आणि मुलाच्या पोटात जंत निघाले, तर पहिला प्रश्न 'कुत्र्याचे काय करायचे' हा नाही. पहिला प्रश्न 'जंत कोणता' हा आहे.

पांढरा दोरा

'शीमध्ये बारीक पांढरे किडे आणि रात्री गुदद्वाराशी खाज' असे आईने सांगितले, तर बहुतेक वेळा तो पिनवर्म असतो. आपल्याकडे त्याला सूतकृमी म्हणतात. मादी साधारण ८ ते १३ मिलिमीटर लांब, म्हणजे बोटाच्या नखाएवढी. रात्री मूल झोपले की ही मादी आतड्यातून खाली येते आणि गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दहा हजारांच्या आसपास अंडी घालते. खाज सुटते ती त्यामुळे. मूल झोपेत खाजवते, अंडी नखात जातात, नखे तोंडात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

ही अंडी चार ते सहा तासांतच लागण करण्याजोगी होतात. चादर, उशी, चड्डी, खेळणी यांवर ती दोन-तीन आठवडे जिवंत राहू शकतात. त्यामुळे घरात एकाला झाले की भावंडांना, आईला, शेजारी झोपणाऱ्या आजीला व्हायला वेळ लागत नाही. मोठ्यांना पुष्कळदा काहीच त्रास होत नाही, पण जंत असतात.

येथे दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली, कुत्रा-मांजराच्या पोटात पिनवर्म वाढत नाही. दुसरी, हा जंत झाला म्हणजे घर घाणेरडे आहे किंवा आईचे लक्ष नाही, असा अर्थ काढू नये. शाळेत एका बाकावर बसणारी मुले तो एकमेकांना देतात. श्रीमंताघरीही तो तितक्याच आनंदाने राहतो. सुनेला बोल लावून तो जात नाही.

निदान सोपे आहे. शौचाच्या साध्या तपासणीत पिनवर्मची अंडी बहुधा सापडत नाहीत, कारण ती शौचात नसतात, कातडीवर असतात. म्हणून सकाळी मूल उठल्याबरोबर, शौचाला जाण्याआधी व धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा गुदद्वाराच्या कातडीवर हलकेच दाबावा आणि काचेच्या पट्टीवर चिकटवून लॅबोरेटरीत द्यावा. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरीच्या उजेडात पाहिले तर कित्येकदा जंत नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

माणसाचे माणसाला

पिनवर्मखेरीज आपल्याकडे मुलांत आढळणारे मुख्य जंतही माणसाकडूनच माणसाला होतात. गांडुळासारखा लांब गोलकृमी सर्वांनी ऐकलेला असतो. तो १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असतो आणि एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत जातात, दोन-चार आठवड्यांत तयार होतात आणि न धुतलेल्या भाजीतून किंवा मातीच्या हातातून पोटात येतात. दुसरा अंकुशकृमी. त्याच्या अळ्या ओल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. हा आतड्याला चिकटून रक्त पितो. अशी मुले पांढरीफटक पडतात, चालताना दम लागतो, काही मुले माती खाऊ लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या माहितीनुसार मातीतून पसरणाऱ्या या जंतांची लागण जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना आहे. आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात ती याचसाठी. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि दोन ते एकोणीस वर्षांपर्यंत पूर्ण ४०० मिलिग्रॅमची. 'आमच्या मुलाला जंत नाहीत' म्हणून ही गोळी नाकारणारे पालक मला भेटतात. त्यांनी तसे करू नये. पोटात थोडे जंत असले तर बाहेरून काही कळत नाही.

काही समजुतीही दूर करू. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. जंत अंड्यांतून किंवा अळ्यांतून येतात, गुळातून नाही. झोपेत दात खाणे हे जंतांचे पक्के लक्षण नाही. वावडिंगाचे पाणी आणि महिन्याचा एरंडेलाचा जुलाब या आपल्या आज्यांच्या जुन्या गोष्टी. त्यांच्या मायेबद्दल मला आदर आहे. पण जुलाबाने चार जंत पडले म्हणजे सगळे गेले, असे समजू नये. लहान मुलाला वारंवार जुलाब देणे तर धोक्याचे आहे.

मग कुत्रा अगदी निर्दोष का?

नाही. तसे म्हटले तर दुसऱ्या बाजूची चूक होईल. कुत्र्या-मांजरांचे स्वतःचे जंत असतात. त्यातले काही माणसाला त्रास देतात, आणि तो त्रास खाजेपेक्षा गंभीर असू शकतो.

पहिला आहे कुत्र्याचा गोलकृमी, टॉक्सोकारा. कुत्रीच्या शरीरात दडलेल्या अळ्या गाभणपणात पिल्लांच्या शरीरात जातात. त्यामुळे बहुतेक पिल्ले हा जंत घेऊनच जन्माला येतात आणि तीन आठवड्यांची होताच त्यांच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, बरगड्या दिसतात, केस निस्तेज, कधी ओकारीत शेवयांसारखे जंत पडतात. लोक म्हणतात, 'खाऊन खाऊन पोट सुटलंय'. पुष्कळदा ते जंतांचे पोट असते. मांजरातही याच जातीचा जंत असतो. तो पिल्लांना आईच्या दुधातून मिळतो.

ही अंडी मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावरच लागण करतात. म्हणजे आज पडलेली विष्ठा आज उचलली तर धोका तेथेच संपतो. न उचलता अंगणात मिसळू दिली, तर ती माती कित्येक महिने अंडी सांभाळून ठेवते. तेथे खेळणाऱ्या आणि बोटे तोंडात घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली, तर अळ्या बाहेर पडतात आणि रक्तातून यकृतात, फुप्फुसात भटकतात. माणसाच्या शरीरात त्यांचा पूर्ण वाढलेला जंत होत नाही. म्हणूनच मुलाच्या शौचाच्या तपासणीत हा जंत कधीच दिसत नाही. रेंगाळणारा ताप, खोकला, पोटदुखी, वाढलेले यकृत आणि रक्तात इओसिनोफिल पेशी फार वाढलेल्या असे चित्र दिसले, की डॉक्टरांना त्याची शंका येते. १९५२ साली अमेरिकेतल्या पॉल बीव्हर या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे कोडे उलगडले. कधी एखादी अळी डोळ्यात जाते. तेव्हा ताप नाही, खोकला नाही, फक्त एका डोळ्याची नजर कमी होते. लहान मूल हे सांगत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे काम भागते. मुलाचा एक डोळा तिरळा वाटू लागला किंवा फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, तर थांबू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. कारण कोणतेही असो, तेथे उशीर परवडत नाही.

दुसरा आहे कुत्र्या-मांजरांचा अंकुशकृमी. बांधकामासाठी वाळूचा ढीग आला, की गल्लीतल्या पोरांची चंगळ होते. रात्री त्याच ढिगावर कुत्री आणि मांजरे शौच करतात. ओल्या वाळूतल्या अळ्या मुलांच्या तळपायात किंवा बसण्याच्या जागी कातडीत शिरतात. माणसाच्या कातडीतून आत जायचा रस्ता त्यांना सहसा सापडत नाही, म्हणून त्या कातडीतच फिरत राहतात. लाल, उंचावलेली, नागमोडी रेघ दिसते. ती रोज थोडी पुढे सरकते आणि भयंकर खाजते. पावसाळ्यानंतर अशी दोन-तीन मुले माझ्याकडे हमखास येतात, आणि घरच्यांनी महिनाभर नायट्याचे मलम चोळलेले असते. नायटा गोल वाढतो, ही रेघ चालते. एवढा फरक लक्षात ठेवावा. औषधाने हा आजार पूर्ण बरा होतो.

तिसरा, पिसवांतून होणारा पट्टकृमी. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा त्याच्या अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात. कुत्र्याशी खेळताना मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली, तर मुलालाही हा जंत होऊ शकतो. तो फारसा त्रास देत नाही, पण नेहमीच्या जंताच्या गोळीने जात नाही. वेगळे औषध लागते. पिसवांचा बंदोबस्त केला नाही, तर कुत्र्याला तो पुन्हा होतो.

चौथा सर्वांत लहान आणि सर्वांत धोक्याचा. तो कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचाच असतो, पण त्याच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. त्यांना हायडेटिड म्हणतात. या गाठी वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात आणि सोनोग्राफीत अचानक सापडतात. पुष्कळदा मोठे ऑपरेशन करावे लागते. कुत्र्याला हा जंत कोठून मिळतो? शेळ्या-मेंढ्यांच्या कच्च्या काळजातल्या आणि फुप्फुसातल्या गाठींतून. मटणाच्या दुकानासमोर बसलेल्या कुत्र्यांना जे फेकले जाते, तेच हे. याची अंडी विष्ठेतून बाहेर पडताक्षणी लागण करू शकतात आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. म्हणून घरच्या कुत्र्याला कच्चे काळीज, कच्ची आतडी कधीही घालू नयेत. घालायचे तर चांगले शिजवून.

घरात काय करावे?

पिनवर्मसाठी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे. दुसऱ्यांदा का? औषध जंत मारते, अंड्यांवर त्याचा भरवसा नसतो. घरात उरलेल्या अंड्यांतून जे नवे जंत तयार होतात, त्यांच्यासाठी ही दुसरी मात्रा. बरे वाटले म्हणून ती टाळणारे लोकच 'औषधाचा गुण येत नाही' अशी तक्रार घेऊन परत येतात. गरोदर स्त्रिया आणि एक वर्षाखालील बाळे यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध देऊ नये.

औषधाइतकेच महत्त्व पुढच्या दोन आठवड्यांच्या सवयींना आहे. मुलांची नखे बारीक कापावीत. रात्री घट्ट चड्डी घालून झोपवावे. अंडी रात्री घातली जातात, म्हणून सकाळी उठल्याबरोबर अंघोळ घालावी आणि ती जागा नीट धुवावी. रोज चड्डी बदलावी. आता एक सवय जी आपण सगळे चुकतो: सकाळी उठल्यावर चादर आणि गोधडी फटाफट झटकण्याची. तसे केले की अंडी खोलीभर उडतात. चादर अलगद गुंडाळून गरम पाण्यात भिजवावी आणि कडक उन्हात वाळवावी. ऊन आपल्याकडे फुकट आहे, आणि कोरडेपणा अंड्यांना मानवत नाही.

हात साबणाने धुवावेत. शौचानंतर, जेवणाआधी, मातीत खेळून आल्यावर, कुत्र्याला हाताळल्यावर. कोरोनाच्या काळापासून पुष्कळ घरांत सॅनिटायझरची बाटली असते. सॅनिटायझरने जंतांची अंडी मरत नाहीत. ती साबणाने चोळून पाण्याबरोबर वाहून जावी लागतात.

आता कुत्र्याचे. पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर दोन आठवड्यांनी, दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत, जंताचे औषध द्यावे लागते. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी. पाजणाऱ्या कुत्रीलाही पिल्लांबरोबर द्यावे. पिल्लू उशिरा घरी आले असेल, तर आले त्याच आठवड्यात सुरुवात करावी. औषध आणि त्याचे प्रमाण जनावरांच्या डॉक्टरांनी वजन करून ठरवायचे असते. घरात उरलेली माणसाची गोळी अर्धी मोडून कुत्र्याला घालू नका. आपल्याला चालणारी काही औषधे त्यांना बाधतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात केवळ गाई-म्हशीच न्याव्यात असा काही नियम नाही.

कुत्र्याची विष्ठा रोज उचलावी आणि खोल खड्ड्यात पुरावी. भाजीच्या वाफ्यात टाकू नये. अंगणात किंवा दारासमोर वाळू आली असेल, तर रात्री तिच्यावर ताडपत्री टाकावी. कुत्र्याने मुलांचे तोंड चाटू नये आणि मुलांच्या अंथरुणात झोपू नये. त्याचे ताट वेगळे असावे. एवढे केले तर कुत्रा आणि मुले एका घरात वर्षानुवर्षे सुखाने राहतात.

केव्हा थांबू नये?

जंतांचा आजार बहुतेक वेळा साधा असतो. परंतु पोट फुगून उलट्या होत असतील, शौच बंद झाले असेल किंवा उलटीतून लांब जंत पडले असतील, तर आतड्यात जंतांचा गोळा अडकलेला असू शकतो. अशा वेळी घरी जंताचे औषध देत बसू नये, सरळ मोठ्या दवाखान्यात न्यावे. मूल पांढुरके पडले असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. नुसती जंताची गोळी पुरत नाही, लोहाचे औषधही लागते. आणि ताप-खोकला आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर 'घरात कुत्रा आहे' किंवा 'मूल माती खाते' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी तुम्ही सांगायला विसरू नका.

थोडक्यात

१. बारीक पांढरे जंत आणि रात्रीची खाज हा बहुधा पिनवर्म. तो माणसाकडून माणसाला होतो, कुत्र्याकडून नाही.

२. औषध घरातल्या सर्वांना, एकाच दिवशी. दोन आठवड्यांनी पुन्हा.

३. कुत्र्या-मांजराला त्यांचे औषध वेगळे, जनावरांच्या डॉक्टरांकडून, ठरलेल्या वेळी.

४. विष्ठा रोज उचला. वाळू झाका. कच्चे काळीज-आतडी घालू नका.

५. नखे, साबण आणि ऊन यांना पर्याय नाही.

त्या संध्याकाळच्या दोन चिठ्ठ्या

त्या दिवशी मी बाईंना दोन कागद दिले. एकावर घरातल्या पाचही माणसांचे औषध आणि दुसऱ्या मात्रेची तारीख. दुसरा कागद दरवाज्यातल्या मुलाला आत बोलावून त्याच्या हातात दिला. त्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी दोन ओळी होत्या: पिल्लू सुमारे तीन महिन्यांचे, पोट फुगलेले, जंताचे औषध पूर्वी दिलेले नाही, कृपया तपासून द्यावे, लसीचेही पाहावे. मुलाला सांगितले, "मोतीची जबाबदारी तुझी. रोज सकाळी सुपली घेऊन अंगण तू साफ करायचं. एक दिवस चुकलास तर आजीचं म्हणणं खरं ठरेल."

दोन दिवसांनी तो शाळेतून परस्पर दवाखान्यात आला. पेशंट बसलेले असताना मोठ्याने म्हणाला, "काका, मोतीच्या पोटातून शेवयांसारखे जंत पडले, मी मोजले. अकरा!" रांगेतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. पण मला त्याचा अभिमान वाटला. मोतीचे पोट खरोखरच जंतांनी भरलेले होते. ते जंत बहिणीला झालेले नव्हते, मात्र औषध दिले नसते तर महिन्याभरात घराचे अंगण त्यांच्या अंड्यांनी भरले असते.

मुलीची खाज गेली. दुसरी मात्रा सगळ्यांनी वेळेवर घेतली. कॅलेंडरवर भावाने लाल गोल काढून ठेवला होता. आजीने अजून पूर्ण माघार घेतलेली नाही. मोती घरात राहील, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, असा त्यांचा हुकूम आहे. या बाबतीत मात्र मी आजींच्या बाजूचा आहे.